भूक लागेपर्यंत

दयेची एक पंचाईत असते. कोणी शिवी हासडली तर उलट हासडता येते. दया केली तर मान लववून आभार मानावे लागतात. युन्सिम गेलं वर्षभर आभार मानून मानून थकली होती.

कोरियातल्या गुन्सान बंदराच्या मागच्या चढावर त्यांची मंडळी, म्हणजे ख्रिस्ती चर्च होतं, आणि मंडळीतल्या त्यांच्या भागातल्या बायकांची दर शुक्रवारी सकाळी कोणाच्या तरी घरी घरसभा भरायची. आधी गायन, मग बायबलचं वचन, मग जेवण, आणि उठण्याआधी त्या घरासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. घर पाळीपाळीनं ठरे. युन्सिमच्या नवऱ्याचं, देगिलचं, बोटींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तिसऱ्या मजल्यावर ऐसपैस फ्लॅट होता, तेव्हा तिच्या पाळीला बायका सकाळी चहासुद्धा न घेता येत. तिच्या हातचा खेकडा खायचा तर पोटात जागा हवी. मग देगिल एका मित्राला जामीन राहिला, मित्र परागंदा झाला, दुकान गेलं, फ्लॅट गेला, आणि दोघं अर्धं जमिनीत, अर्धं वर अशा तळघरात राहायला आले. त्या दिवसापासून युन्सिमची पाळी आलीच नाही.

तसं कोणी बोललं नाही. पाळी ठरवायच्या मेंगताई. युन्सिमचा नंबर जवळ आला की त्या म्हणायच्या, या खेपेला माझ्याकडेच करू, नाहीतर बंदरावरच्या कॅफेत बसू. निघताना उरलेल्या पदार्थांचे डबे बांधून युन्सिमच्याच हातात द्यायच्या, सगळ्यांसमोर, तुला म्हणून ठेवलंय गं, असं म्हणून. मेंगताई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. हातचं राखून देणं त्यांना माहीतच नव्हतं. कोणाकडे मयत असो की बारसं, सगळ्यांच्या आधी त्यांच्या चपला दारात. पण त्यांच्या हाताला फक्त वर राहायची सवय होती, आणि खाली धरलेल्या हाताला काय वाटतं ते कळायचा त्यांना कधी प्रसंगच आला नव्हता.

फेब्रुवारी संपता संपता मेंगताईंच्याच घरी सभा झाली. प्रार्थना आटोपली, त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की पुढच्या शुक्रवारी कॅफेत, आणि डबे बांधायला उठल्या.

"पुढच्या शुक्रवारी माझ्याकडे," युन्सिम म्हणाली.

 सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कशाला त्रास, देगिल रात्रपाळी करून सकाळी झोपत असतील, आम्ही काय परक्या आहोत का, जागा बदलली म्हणून काही प्रेम बदलत नाही. शेवटी मेंगताईंनी हुकमाचं पान टाकलं: हामआजींचे गुडघे. ऐंशी ओलांडलेल्या बाईला तो तळघराचा जिना कसा उतरवायचा?

"पाठीवर घेईन," युन्सिम म्हणाली. "वर्षभर तुमचे डबे वाहिलेत, आजी काही त्यांच्याहून जड नाहीत."

हामआजी कोपऱ्यात संत्रं सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मला कोणी पाठीवर घेऊन चाळीस वर्षं झाली, मी येणार. पाहुणीच तयार म्हटल्यावर मेंगताई निमूट डबे बांधायला लागल्या.

देगिलला तिनं संध्याकाळी सांगितलं. तो गोदामाच्या पहाऱ्याला निघायच्या तयारीत होता. दुकान गेल्यापासून त्यानं मंडळीचं दार पाहिलं नव्हतं. ओळखीचं कोणी दिसलं की तो रस्ता ओलांडायचा. तिचं बोलणं त्यानं बुटाची नाडी बांधत ऐकलं आणि नाडी पुन्हा सोडली.

"कुठे बसवणार? भिंतीच्या बुरशीवर?"

"बुरशी पुसता येते."

"त्या बायका येतील, छत बघतील, खिडकी बघतील, आणि घरी जाऊन आपल्यासाठी रडतील. तुला तेच हवंय का?"

"मला त्यांना जेवायला घालायचंय," ती म्हणाली.

 तो म्हणाला की तुला काय करायचं ते कर, मी त्या दिवशी धक्क्यावर गळ टाकून बसेन, आणि शेवटची बाई चढावरून उतरल्याशिवाय येणार नाही. युन्सिमनं वाद घातला नाही. वाद घालायला तिच्याकडे वेळ नव्हता. आठवड्याभरात सगळं घर तयार करायचं होतं.

तिनं भिंती घासल्या. कपड्यांचं कपाट आणि घडीची खाट ओढत ओढत जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली आणि वरच्या घरमालकिणीला विनवून एक दिवसाची सवलत घेतली. खोली रिकामी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती दिसत होती त्यापेक्षा मोठी आहे. शेजारणीकडून दोन बैठी टेबलं आणली. घरातला विजेचा कुकर दोघांपुरता, म्हणून भातासाठी मंडळीच्या स्वयंपाकघरातलं जाड बुडाचं पातेलं मागून आणलं. थंडीच्या आधी दोरीवर वाळवलेला मुळ्याचा पाला तिच्याकडे होता, सोयाबीनचं मुरलेलं वाटण होतं. खेकडा परवडणार नव्हता, पण बंदरावरच्या कोळणीकडून सुकवलेले बाकदे, म्हणजे पातळ चपटे मासे मिळाले. तीळ भाजले, आंबवलेल्या कोबीची किमची काढली, जवाचा भात ठरवला. हे खेकड्याच्या तोडीचं नाही हे तिला माहीत होतं. पण पाल्याचं ते सार तिच्या आईचं होतं, आणि फ्लॅटमध्ये असताना ते कोणाला वाढायची तिला लाज वाटायची. आता वाटत नव्हती.

शुक्रवारी सकाळी बायका आल्या. जिन्यावर बुटांची रांग लागली. हामआजींना युन्सिमनं खरंच पाठीवर घेतलं, आणि आजी उतरताना घोडेस्वारासारख्या सूचना देत होत्या. जमिनीखालच्या नळ्यांमधून येणारी ऊब जिथे सगळ्यात जास्त, त्या जागी तिनं आजींना बसवलं. बायका भिंतींकडे बघत नव्हत्या. इतक्या निश्चयानं बघत नव्हत्या की ते युन्सिमला भिंतीपेक्षा ठळक दिसत होतं. छताजवळच्या लांबट खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. दानबीची आई, त्यांच्यात सगळ्यात तरुण आणि सहाव्या महिन्यातली, ते पाय बघून हसली, तेवढंच काय ते मोकळं हसणं.

गायन झालं, वचन झालं. युन्सिमनं टेबलं मांडली. साराच्या वाट्या वाफाळत होत्या, मासे तेलावर चरचरत आले, भात नीट फुलला होता. आजींनी चमचा उचलला की बाकीच्यांनी उचलायचा, म्हणून सगळ्या आजींकडे बघत बसल्या. पण आजी चमच्याशी नुसत्याच चाळा करत होत्या.

"किती केलंस गं," एक जण म्हणाली. "मी नं, आज सकाळी जरा जास्तच खाल्लं."

"माझं पण जड झालंय," दुसरी म्हणाली.

"आपण चव घेऊ. चवीपुरतं." हे मेंगताई.

युन्सिमचा हात वाढणीवरच थांबला. आठ बायकांची पोटं एकाच सकाळी जड होतात, असा चमत्कार पवित्र शास्त्रात कुठे तिनं वाचला नव्हता. तिनं दानबीच्या आईकडे पाहिलं, कारण त्या मुलीला खोटं बोलता येत नसे.

"तू काय खाल्लंस सकाळी?"

दानबीच्या आईचे कान लाल झाले. तिनं मेंगताईंकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "ताईंनी फोन केला होता सगळ्यांना," ती हळूच म्हणाली. "घरून जेवून निघा म्हणाल्या. तुमच्यावर भार नको म्हणून."

मेंगताई चटकन म्हणाल्या की त्यात वाईट काय, तुझं दोन दिवसांचं वाचलं तर बरंच ना. त्यांचा आवाज इतका मायेचा होता की युन्सिमला तो सहन झाला नाही. तिला रडू फुटणार होतं. चार दिवस भिंती घासल्या त्या नखांची आग अजून जात नव्हती, आणि या बायका पोट भरून तिच्याकडे उपाशी राहायला आल्या होत्या. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण पुसले असते तर सगळ्या धावून आल्या असत्या. तिनं एकेक वाटी उचलली आणि सार परत त्याच्या भांड्यात ओतलं. भात परत जाड पातेल्यात ओतला, त्यावर झाकण ठेवलं. मासे झाकले. शेगडी मंद केली.

बायकांना वाटलं, झालं, रागावली, आता जायला हवं. एकीनं ओढणी गुंडाळलीसुद्धा.

"बसा," युन्सिम म्हणाली. "भूक लागेपर्यंत बसा."

"अगं, मला दुपारी गायनाचा सराव आहे," मेंगताई म्हणाल्या.

"मग सराव इथेच करा."

"युन्सिम, वेड्यासारखं नको करू. आम्ही तुझ्या भल्यासाठीच—"

"माहीत आहे ताई." युन्सिम म्हणाली. "प्रभूनं विहिरीवर पाणी भरायला आलेल्या परक्या बाईकडे पाणी मागितलं. घरून पिऊन नव्हता गेला. तिच्याकडे काय आहे न् काय नाही, त्याला दिसत नव्हतं का? तरी मागितलं. तुम्ही वर्षभर मला दिलंत, मी घेतलं, मान खाली घालून घेतलं. देण्यात किती सुख असतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ते सगळं तुम्हीच खाल्लंत तर आम्ही काय खायचं?"

मेंगताईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. त्या पर्स उचलून निघून जातील असं क्षणभर सगळ्यांना वाटलं, आणि त्या गेल्या असत्या तर बाकीच्याही गेल्या असत्या. त्या सभेत तसंच चालत असे.

तेवढ्यात हामआजींनी आपला चमचा टेबलावर पालथा ठेवला. "मीही खाऊन आले," त्या म्हणाल्या. "सुनेनं बसवून वाढलं, मेंगचा फोन आलाय म्हणून. पण मी आधी चमचा उचलल्याशिवाय तुम्हा कोणाला उचलता येत नाही ना? मग मी नाही उचलत. भूक लागली की उचलीन. आणि मला खाली उतरवलंय पाठीवरून, त्यामुळे मी काही उठून जात नाही."

मेंगताई बसल्या.

पहिला तास वाईट गेला. पोट भरलेली माणसं जेवणाच्या टेबलाभोवती नुसती बसली की ती साक्षीदारासारखी दिसतात. मेंगताईंना स्वस्थ बसवेना. त्या उठून भांडी घासायला निघाल्या, युन्सिमनं घासणी काढून घेतली. त्या किमची चिरायला गेल्या, तिनं सुरी काढून घेतली. पाहुणीनं बसायचं असतं, ती म्हणाली. मेंगताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला येत नाही गं ते." कोणाच्या घरी आपण नुसत्या बसलो असं शेवटचं कधी झालं, हे त्यांनी आठवून पाहिलं आणि त्यांना आठवलं नाही. युन्सिमनं त्यांना उबेच्या जागी आजींच्या शेजारी उशी दिली. पायांच्या शिरा सुजल्यात, हे त्यांनी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी उबेमुळे मोजे उतरवावे लागले म्हणून ते दिसलं. थोड्या वेळानं त्या आडव्या झाल्या, आणि मग मंडळीतल्या सगळ्यात करारी बाईचं घोरणं त्या तळघरात घुमायला लागलं.

घोरण्यानं काम केलं. आधी दानबीची आई तोंडावर हात धरून हसली, मग सगळ्याच. मग बोलणी निघाली, सभेत कधी न निघणारी. एकीचा मुलगा सहा महिने घरी फोन करत नव्हता. एकीनं नवऱ्यापासून लपवून दाताची कवळी करून घेतली होती, ती तिनं काढून दाखवली. आजींनी युद्धानंतरच्या वर्षांतली एक गोष्ट सांगितली, एका तंबूतल्या घरसभेत सगळ्यांमध्ये मिळून एकच रताळं होतं आणि ते कापायचं कसं यावर दोन वडीलधाऱ्यांचं भांडण जुंपलं होतं. रडायच्या गोष्टीवर सगळ्या हसल्या, आणि मग कवळीच्या गोष्टीवर कोणीतरी रडलं. युन्सिम शेगडीपाशी बसून ऐकत होती. अधूनमधून ती सारात थोडं पाणी घालून ढवळायची. असं सार जितकं उकळतं तितकं मऊ होतं, आणि त्याचा वास आता भिंतीपर्यंत पोचला होता.

"ताई," दानबीची आई खिडकीकडे बघत म्हणाली, "हे तपकिरी बूट तिसऱ्यांदा गेले."

युन्सिमनं मान वर केली. बूट दारापाशी येत, थांबत, आणि परत चढाकडे वळत. "आमचे हे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही गेल्याशिवाय घरात येणार नाहीत."

"बोलाव ना मग," आजी म्हणाल्या.

"भूक लागली की येतील."

खोलीत असा हशा झाला की मेंगताई दचकून उठल्या. त्यांचे केस एका बाजूला चपटे झाले होते. त्यांनी नाक वर करून वास घेतला, शेगडीकडे पाहिलं, आणि झोपेत असलेलं माणूस खरं बोलतं तशा बोलल्या: "काय गं ते? वाढ ना."

दानबीच्या आईनं सुटकेचा श्वास सोडला. ती म्हणाली की मला केव्हाची भूक लागलीय, पण आजींच्या चमच्याला घाबरून गप्प होते. आजींनी चमचा सरळ केला, साराची वाटी जवळ ओढली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बाकीच्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. आजींनी काही कौतुक केलं नाही. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि मग सगळे चमचे एकदम खणखणले.

बायका जेवल्या. माशांचे काटे चोखले, किमचीचं पाणीसुद्धा भातावर ओतून घेतलं. भिंतीकडे आता कोणीही बघत होतं. एकीनं तर बुरशीवर लिंबाचा रस लावून बघ म्हणून सांगितलं, आणि ते सांगणं युन्सिमला कौतुकापेक्षा गोड लागलं. ती टेबलाभोवती फिरत होती, इथे सार, तिथे भात, हिला मासा, तिला पाणी, आणि तिच्या पायांना जमीन लागत नव्हती. वर्षभरानं तिचे हात वर होते. देवाच्या राज्याबद्दल तिनं आजवर जे काही ऐकलं होतं त्यातलं तिला फार समजलं नव्हतं, पण त्याला मेजवानी का म्हणतात ते तिला त्या वेळी पक्कं समजलं.

मेंगताईंनी वाटी पालथी करून शेवटचा थेंब घेतला. मग त्यांनी ती वाटी दोन्ही हातांनी धरून पुढे केली, लहानानं मोठ्यापुढे करावी तशी. युन्सिमकडे बघताना त्यांचे डोळे भरले होते.

"आणखी थोडं देशील?"

युन्सिमनं साराचं भांडं तिरकं करून डावानं खरवडून खरवडून ती वाटी भरली. त्यात सगळं सार संपलं.

उठण्याआधी घरासाठी प्रार्थना करायची ती मेंगताईंनी करायची. त्यांची सुरुवात नेहमीची होती, या कुटुंबाला या अडचणीतून लवकर बाहेर काढ, असं काहीतरी. मग त्या मध्येच थांबल्या.  "प्रभो," त्या मग म्हणाल्या, "आम्ही या घरी जेवलो. इथे माणसं येत राहू देत." एवढीच प्रार्थना झाली. तिच्या मधेच दार किलकिलं झाल्याचं सगळ्यांना कळलं, थंड वारा आत आला, पण डोळे कोणी उघडले नाहीत.

देगिल उंबऱ्याशी बुटांच्या गर्दीत उभा होता, टोपी हातात घेऊन. आमेन झाल्यावर त्याला पळायला जागा नव्हती. त्यानं बायकांना वाकून नमस्कार केला आणि आता काय करावं ते न कळून हामआजींसमोर पाठ करून खाली बसला. आजी त्याच्या गळ्यात हात टाकून चढल्या. जिन्यावरून त्यांचा आवाज येत होता, डावीकडे बघ, कपाट आहे, डोकं सांभाळ. त्यांच्या मागून बायका गेल्या. त्या दिवशी कोणाच्या हातात डबा नव्हता. डब्यात भरायला काही राहिलंच नव्हतं.

देगिल बऱ्याच वेळानं परत आला. आजींना तो थेट त्यांच्या घरापर्यंत सोडून आला होता, चढावरून सगळ्यांच्या देखत. युन्सिम जाड पातेल्याच्या बुडाला लागलेल्या भातावर गरम पाणी ओतून खरपुडी सोडवत होती. मासा नव्हता, सार नव्हतं. तिनं ते खरपुडीचं पाणी दोन वाट्यांत ओतलं आणि दोघं रिकाम्या खोलीत समोरासमोर बसली.

"सगळ्या पोटभर जेवल्या?" त्यानं विचारलं.

"पोटभर."

"मेंगताईसुद्धा?"

"त्यांनी मागून घेतलं."

तो वाटीत बघत राहिला. खरपुडीचा एक तुकडा त्यानं चमच्यानं उचलला, चावला, गिळला. मग पातेल्याकडे पाहिलं, त्याचा अंदाज घेत, दुकानात माल बघायचा तसा.

"पुढच्या पाळीला तांदूळ जास्त घे," तो म्हणाला. "मी पण असेन."